कंपनीज हाउस: तोट्यातल्या फुटबॉल क्लबांच्या चोपड्या, फुकट आणि शिळ्या

इंग्लंडमधला एखादा फुटबॉल क्लब खेळाडूंच्या पगारापायी बुडायला आला, अशी बातमी येते तेव्हा तिच्यातले आकडे बहुधा एकाच ठिकाणाहून उचललेले असतात. ते ठिकाण म्हणजे ब्रिटनच्या कंपनी निबंधकाचं कार्यालय, कंपनीज हाउस. नोंदणी झालेल्या प्रत्येक कंपनीला दरवर्षी आपले हिशेब इथे दाखल करावे लागतात, आणि इंग्लंडमधले व्यावसायिक क्लब जवळपास सगळे कंपन्याच आहेत. २०१५ च्या जूनपर्यंत एकेक कागद उघडायला एक पौंड पडायचा. आता सगळं फुकट आहे, नुसतं बघायला खातंसुद्धा काढावं लागत नाही.

हे परीक्षण त्या संकेतस्थळाचं, पण एकाच कामापुरतं: तोट्यात चाललेल्या क्लबचा पैसा जातो कुठे, हे शोधायला ते कितपत उपयोगी पडतं. उत्तर असं की आकडे खरे मिळतात, पण शिळे मिळतात. आणि ज्या कोपऱ्यात ताजी माहिती असते तिकडे बहुतेक लोक फिरकत नाहीत.

मराठी वाचकाला हात बसवायला ब्लॅकबर्न रोव्हर्स बरा. १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता असलेला हा क्लब २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या व्यंकीजनं २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, वर क्लबच्या कर्जाचाही भार उचलला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी घसरून लीग वनमध्ये गेला, २०१८ मध्ये परत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालच्या विभागात, आला. पुण्यातून निघालेला पैसा लँकेशरमध्ये कसा विरघळतो, ते या कागदांत वर्षावर्षाला दिसतं.

शोधपेटीत क्लबचं नाव टाकलं की पहिली अडचण समोर येते. एका क्लबच्या नावानं चार-पाच कंपन्या निघतात: संघ चालवणारी एक, तिच्या डोक्यावर तिचे शेअर धरणारी होल्डिंग कंपनी, स्टेडियमची वेगळी, कधी अकादमीची वेगळी, आणि त्यात त्याच गावच्या हौशी क्लबांची आणि चाहत्यांच्या संघटनांची भर. डर्बी काउंटीच्या पसाऱ्यात सेव्हको ५११२, क्लब डीसीएफसी, स्टेडिया डीसीएफसी अशी नावं होती. नावावरून कोण काय करतं याचा पत्ता लागत नाही. यावर सोपा उपाय आहे. ब्रिटिश कायद्यानुसार कंपनीला आपला नोंदणी क्रमांक स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. क्लबच्या साइटच्या तळाशी बारीक अक्षरात तो असतो. तो आठ अंकी क्रमांक शोधपेटीत टाकला की थेट योग्य दारात. तिथून ताज्या हिशेबाची शेवटची टीप उघडायची. अंतिम मालक कंपनी कोण, हे तिथे लिहिलेलं असतं. ब्लॅकबर्नच्या बाबतीत ती साखळी व्यंकीज लंडन लिमिटेडमधून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजपर्यंत जाते. ब्रिटनमधल्या सर्वांत वरच्या कंपनीचे एकत्रित हिशेब आणि क्लबचे स्वतंत्र हिशेब, दोन्ही उतरवून घ्यावेत. फक्त क्लबचे वाचले तर स्टेडियमचं भाडं आणि मालकाचं कर्ज कुठून येतं-जातं ते कळत नाही.

‘फाइलिंग हिस्ट्री’ या पानावर हिशेबांची चाळणी लावता येते. ती लावावीच, नाहीतर संचालकांच्या ये-जा नोंदींच्या गर्दीत हिशेब हरवतात. प्रत्येक नोंदीसमोर हिशेबाचा प्रकार दिलेला असतो. ‘फुल’ किंवा ‘ग्रुप’ असेल तर नशीब चांगलं. ‘टोटल एक्झेम्प्शन फुल’ असं लिहिलेलं असेल तर नावातल्या ‘फुल’ला भुलू नये: ते छोट्या कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतीतलं पत्रक असतं आणि त्यात नफा-तोटा पत्रक सहसा नसतंच. खालच्या विभागांतले कित्येक क्लब हीच वाट धरतात. मग पगारावर किती गेले हे कळायचा मार्ग उरत नाही. दोन वर्षांच्या ताळेबंदातली तूट किती वाढली यावरून अंदाज बांधावा लागतो, एवढंच.

मोठ्या क्लबांचे हिशेब बहुधा छापून, सही करून, मग स्कॅन केलेले असतात. शब्द शोधायला गेलात तर काही सापडत नाही, पानं कधी तिरकी, कधी फिकट. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं तर मजकूर ओळखला जातो, पण तक्त्यांचा चुथडा होतो आणि ३ चा ८ होतो. म्हणून उतरवलेली प्रत्येक बेरीज स्वतः करून पाहावी. आणखी एक नेहमीची घसरण: स्तंभाच्या डोक्यावर नुसतं पौंडाचं चिन्ह आहे की त्यापुढे तीन शून्यं आहेत, हे न बघताच लोक आकडे लिहून मोकळे होतात. एका फटक्यात क्लब हजारपट गरीब किंवा श्रीमंत होतो. इतकं जुनं आणि समृद्ध दफ्तर असताना ते शोधता येईल अशा रूपात न देणं, हा या सेवेचा सर्वांत चिडवणारा दोष आहे.

आता मुख्य काम. संचालकांचा अहवाल वरवर चाळला तरी चालतो. त्यात चाहत्यांचे आभार आणि ‘आव्हानात्मक काळ’ यांपलीकडे फारसं नसतं. सरळ कर्मचारी खर्चाच्या टिपेवर जावं. तिथे तीन ओळी असतात: पगार व वेतन, सामाजिक सुरक्षेचा मालकाचा हिस्सा, निवृत्तिवेतन. तिघांची बेरीज म्हणजे वेतनखर्च. ती बेरीज उलाढालीनं भागली की येणारी टक्केवारी हा क्लबच्या तब्येतीचा पहिला आकडा. उलाढालीत खेळाडू विकून आलेला पैसा धरायचा नाही. तो नफा-तोटा पत्रकात वेगळ्या स्तंभात असतो. समजा उलाढाल २ कोटी पौंड आणि वेतनखर्च २ कोटी ६० लाख, तर प्रमाण १३० टक्के. म्हणजे गवत कापायचे, दिव्यांचे आणि बसचे पैसे द्यायच्या आधीच क्लब ६० लाखांनी खड्ड्यात. हे उदाहरण काल्पनिक असलं तरी अतिरंजित नाही. २०२१-२२ च्या हंगामात चॅम्पियनशिपमधल्या सगळ्या क्लबांचा मिळून वेतनखर्च उत्पन्नाच्या १०८ टक्के होता. रेडिंगचं प्रमाण तर काही वर्षं सलग दोनशे टक्क्यांच्या वर राहिलं. आर्थिक नियम मोडल्यामुळे त्या क्लबचे २०२१ मध्ये आणि मग २०२३ मध्ये सहा-सहा गुण कापले गेले आणि २०२३ मध्ये तो लीग वनमध्ये उतरला. ब्लॅकबर्नही कित्येक वर्षं शंभरीच्या पलीकडेच राहिला.

हे असं का होतं, तर प्रीमियर लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांचा पैसा. वर गेलात तर एका वर्षात उत्पन्न कित्येक पट होतं, म्हणून वर जाण्यासाठी खाली असतानाच वरचे पगार दिले जातात. चोवीस क्लब हाच जुगार खेळतात आणि वर जातात तिघे. खाली उतरणाऱ्या क्लबला काही वर्षं ‘पॅराशूट’ रक्कम मिळते, पण ती दरवर्षी घटते आणि खेळाडूंचे करार मात्र चार-चार वर्षांचे. पॅराशूट संपतं त्या वर्षीचा हिशेब सर्वांत बोलका असतो. तो आधी उघडावा.

वेतनखर्चाचा आकडा कुठे फसवतो तेही पाहायला हवं. सरासरी पगार काढायला लोक एकूण खर्च कर्मचाऱ्यांच्या संख्येनं भागतात. त्या संख्येत सामन्याच्या दिवशी दारावर उभी राहणारी शेकडो अर्धवेळ माणसंही असतात, त्यामुळे उत्तर हास्यास्पद येतं. खेळाडू व प्रशिक्षक यांची संख्या वेगळी दिलेली असेल तरच भागाकार करावा, आणि तोही ढोबळ मानावा. दुसरं, काढून टाकलेल्या प्रशिक्षकाची भरपाई इथे न दिसता ‘अपवादात्मक खर्च’ या ओळीत जाते. ब्लॅकबर्ननं २०१२ मध्ये हेनिंग बर्गला तीन वर्षांचा करार दिला आणि ५७ दिवसांत काढलं. करारात उरलेल्या मुदतीचा मूळ पगार द्यायचं कलम होतं. क्लबनं ते आधी मान्य केलं, मग न्यायालयात माघार घ्यायचा प्रयत्न केला; २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं ती माघार नाकारली आणि साडेबावीस लाख पौंड द्यावे लागले. बर्गच्या जागी आलेला मायकल ॲपल्टन ६७ दिवस टिकला. अशा वर्षी फक्त पगाराची टीप वाचून ‘खर्च आटोक्यात आहे’ म्हणणारा फसलाच.

तिसरी गोष्ट कागदांत दिसतच नाही: क्लब खाली उतरला तर पगार आपोआप कमी होईल, हे कलम करारात आहे का? संडरलंड २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून आणि लगेच २०१८ मध्ये चॅम्पियनशिपमधूनही उतरला. जॅक रॉडवेलच्या करारात असं कलम नसल्यानं त्याचा मोठा आठवड्याचा पगार तसाच चालू राहिल्याचं तेव्हा सगळीकडे छापून आलं. हिशेबांतून हे उलट बाजूनं ओळखावं लागतं. उतरल्यानंतरच्या पहिल्या वर्षी उलाढाल निम्म्यावर आली आणि वेतनखर्च मात्र जेमतेम पाचवा हिस्सा घटला असेल, तर कलमं नव्हती किंवा दुबळी होती. उलट चढण्याच्या वर्षी वेतनखर्च एकदम उसळतो, कारण बढतीचे बोनस त्याच वर्षी लागतात; त्या एका वर्षावरून उधळपट्टीचा निष्कर्ष काढू नये. हे बोनस आधीच्या वर्षी ‘संभाव्य देणी’ या टिपेत झोपलेले असतात.

पगारानंतर खेळाडूंच्या किमतीचं अवमूल्यन. दुसऱ्या क्लबकडून ८० लाखांना खेळाडू घेतला आणि चार वर्षांचा करार केला, तर दरवर्षी २० लाख खर्चात पडतात. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ४० लाख. तेव्हा तो ५० लाखांना विकला तर हिशेबात १० लाखांचा नफा दिसतो, खिशातून मात्र ३० लाख गेलेले असतात. ‘खेळाडू विक्रीतून विक्रमी नफा’ या मथळ्यांकडे म्हणूनच संशयानं पाहावं. आपल्या अकादमीतून आलेल्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे त्याची विक्री पूर्णच्या पूर्ण नफा. ब्लॅकबर्ननं २०२४ च्या फेब्रुवारीत ॲडम व्हॉर्टनला क्रिस्टल पॅलेसला विकलं ते याच गणितानं क्लबला इतकं गोड लागलं.

इथेच डर्बीची करामत समजते. बाकीचे क्लब किंमत करारभर समान वाटतात. डर्बीनं प्रत्येक खेळाडूला कराराच्या शेवटाकडेही काही विक्रीमूल्य राहील असं धरलं. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत खर्च नावापुरता आणि सगळा भार शेवटच्या वर्षावर. हे ओळखायला अमूर्त मालमत्तेची (म्हणजे खेळाडूंच्या किमतीची) टीप आणि लेखाधोरणांचं पान शेजारी ठेवून वाचावं लागतं. वर्षाचा अवमूल्यन खर्च भागिले खेळाडूंची एकूण मूळ किंमत, हा भागाकार साधारण पाव ते तिसरा हिस्सा यावा. तो खूपच लहान आला तर धोरणाच्या परिच्छेदात काहीतरी दडलंय. प्रीमियर लीगखालचे विभाग चालवणाऱ्या ईएफएलनं या धोरणावर आक्षेप घेतला आणि २०२१ च्या मे महिन्यात अपिलात तो टिकला. क्लबला एक लाख पौंड दंड झाला आणि हिशेब नव्यानं मांडायचा आदेश निघाला.

डर्बीची दुसरी करामत त्याहून प्रसिद्ध. चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा करता येत नव्हता. २०१८ च्या जूनमध्ये मालक मेल मॉरिसनी प्राइड पार्क स्टेडियम क्लबकडून आपल्याच गेलॉ न्यूको २०२ या कंपनीला ८ कोटी ११ लाखांना विकत घेतलं. पुस्तकी किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. तोट्याचं वर्ष एका सहीसरशी १ कोटी ४६ लाखांच्या नफ्याचं झालं. नियमात तेव्हा ही पळवाट उघडी होती, म्हणून स्टेडियमच्या मुद्द्यावर क्लब सुटला. पण क्लबचं घर गेलं आणि पगार तसेच राहिले.

शेफील्ड वेन्स्डेनं हीच युक्ती केली, पण ढिसाळपणे. हिल्सबरो ६ कोटींना विकल्याचं क्लबनं ३१ जुलै २०१८ ला संपलेल्या वर्षात दाखवलं. विकत घेणारी कंपनी शेफील्ड ३ लिमिटेड. तिचं पान कंपनीज हाउसवर उघडलं की स्थापनेची तारीख दिसते: जून २०१९. वर्ष संपलं तेव्हा ग्राहक जन्मालाही आला नव्हता! ईएफएलनं २०२० मध्ये बारा गुण कापले, अपिलात ते सहा झाले. या संकेतस्थळाची ताकद दाखवायला याहून चांगला नमुना नाही. एक क्लिक, एक तारीख, खेळ खलास. त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट होती: ते वर्ष बारा नव्हे, चौदा महिन्यांचं होतं. कंपनीला हिशेबाचं वर्ष अठरा महिन्यांपर्यंत ताणता येतं. मुखपृष्ठावर ‘वर्ष’ लिहिलंय की ‘कालावधी’ हे बघितल्याशिवाय आधीच्या वर्षाशी तुलना करू नये.

ताळेबंदात एका ओळीवर बोट ठेवावं: वर्षाच्या आत देय असलेल्या देण्यांमधली ‘इतर कर व सामाजिक सुरक्षा’. खेळाडूंच्या पगारातून कापलेला कर सरकारला न भरता तोच पुढच्या पगाराला वापरला जातोय का, हे तिथे कळतं. उलाढाल तीच आणि ही ओळ दुप्पट, म्हणजे क्लब करखात्याच्या पैशावर जगतोय. डर्बी कोसळला तेव्हा करखात्याचं देणं अडीच कोटी पौंडांहून जास्त होतं. तसंच ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’: पुढच्या हंगामाची तिकिटं वसंतातच विकून या हंगामाचे पगार भागवले की ते इथे फुगतं.

मग येतो ‘चालू व्यवसाय’ हा परिच्छेद. मालक पैसे देत राहील या भरवशावर क्लब उभा असेल तर ते इथे लिहावंच लागतं. ब्लॅकबर्नच्या हिशेबांत तो भरवसा पुण्याच्या कंपनीचा आहे, साधारण वर्षाला दोन कोटी पौंडांच्या घरातला. पैसे द्यायची तयारी असणं आणि पैसे पोहोचणं यांतला फरकही इथेच कळतो. परकीय चलन कायद्याखालच्या ईडीच्या चौकशीमुळे व्यंकीजला इंग्लंडला रक्कम धाडायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी, असं दुहेरी ओझं आलं. ब्लॅकबर्नचे चाहते खेळाडू विकण्यावरून चिडतात, पण या कागदाच्या उजेडात ती विक्री निराळी दिसते. (२०२३ आणि २०२४ च्या जानेवारीत लुइस ओब्रायन आणि डंकन मॅग्वायर या खेळाडूंना घ्यायचे करार निव्वळ कागदपत्रांच्या घोळामुळे फसले, त्याला मात्र दिल्लीचा आधार देता येत नाही.)

आतापर्यंतचं सगळं शिळं. खासगी कंपनीला वर्ष संपल्यावर नऊ महिने मिळतात. जूनला संपलेल्या वर्षाचा हिशेब मार्चच्या शेवटी येतो. तोपर्यंत ते खेळाडू गेलेले, प्रशिक्षक बदललेला. वर्षअखेरची तारीख एका दिवसानं अलीकडे ओढली की दाखल करायला तीन महिने जास्तीचे मिळतात, ही कायदेशीर फट संकटातले क्लब हमखास वापरतात. फाइलिंग हिस्ट्रीत तारीख बदलल्याची नोंद दिसली की कान टवकारावेत. आणि उशीर झालाच तर खासगी कंपनीला दंड किती? महिन्याच्या आत १५० पौंड, सहा महिन्यांनंतर १,५००. प्रीमियर लीगमधला राखीव खेळाडू सकाळच्या सरावात याहून जास्त कमावतो. डर्बीनं जून २०१८ च्या वर्षानंतर पुढचे हिशेब दाखलच केले नाहीत, आणि २०२१ च्या सप्टेंबरात क्लब प्रशासकांकडे, म्हणजे बुडीत कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्यांकडे, गेला. त्या मधल्या काळात फाइलिंग हिस्ट्रीतला रिकामेपणा हाच सर्वांत मोठा इशारा होता.

ताजी माहिती दोन ठिकाणी असते. पहिलं ‘चार्जेस’ हे पान. सातबाऱ्यावर जसा बोजा चढतो तसा कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा इथे चढतो, आणि कर्ज देणारा तो २१ दिवसांत नोंदवतोच, कारण नोंदवला नाही तर क्लब बुडाल्यावर त्याचा हक्क टिकत नाही. त्याच्या स्वतःच्या पैशाचा प्रश्न असल्यानं इथे दिरंगाई नसते. बोज्याचा मूळ दस्तऐवज उघडून काय गहाण आहे ते वाचावं. स्टेडियम असेल तर गंभीर. येणारा दूरचित्रवाणीचा हप्ता किंवा विकलेल्या खेळाडूचे येणे असलेले हप्ते असतील तर उद्याचं उत्पन्न आज खाल्लं जातंय. मॅक्वेरी बँकेचं नाव दुसऱ्या प्रकारात वारंवार दिसतं. मॉरिसच्या डर्बीच्या पानावर एमएसडी या कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव होतं, तेही क्लब कोसळायच्या आधी.

दुसरं ठिकाण ‘कॅपिटल’ या चाळणीतला एसएच०१ हा अर्ज. मालकानं नवे शेअर घेऊन पैसे घातले की महिन्याच्या आत तो दाखल होतो. किती शेअर, कितीला, तारीख, सगळं त्यात असतं. दर दोन-तीन महिन्यांनी येणारे हे अर्ज एकाएकी थांबले तर पुढच्या पगाराच्या तारखेकडे लक्ष ठेवावं. पान ‘फॉलो’ करायला फुकट खातं पुरतं. नवा कागद आला की ईमेल येतो. मात्र ईमेल आला तरी कागद लगेच उघडेलच असं नाही. ‘दस्तऐवजावर प्रक्रिया चालू आहे, दहा दिवसांत उपलब्ध होईल’ ही पाटी नेमकी उत्सुकतेच्या वेळी झळकते. ज्यांना एकदम चोवीस क्लबांवर पाळत ठेवायची आहे त्यांच्यासाठी एपीआय, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामकडून माहिती मागवायची सोय, हीही फुकट आहे, पाच मिनिटांत ६०० विनंत्यांच्या मर्यादेत. या दोन पानांसाठी आणि ईमेलसाठी सेवेला पाचपैकी साडेचार. स्कॅन केलेल्या कागदांसाठी दोन.

मालकाची पारख करायला संचालकाच्या नावावर टिचकी मारावी. त्याच्या आजवरच्या सगळ्या कंपन्या, चालू आणि बंद, एका रांगेत येतात. बरी हा क्लब २०१८ च्या डिसेंबरात एका पौंडाला विकला गेला तेव्हा नव्या मालकाच्या पानावर बंद पडलेल्या कंपन्यांची लांबच लांब यादी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लबला लीगमधून काढलं गेलं. मालकी परदेशातल्या करमुक्त बेटावरच्या कंपनीकडे असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. साखळी तिथेच तुटते.

क्लब बुडाल्यावर जो कागद येतो तो सर्वांत सविस्तर: प्रशासकांचा प्रस्ताव, अर्ज क्रमांक एएम०३, नेमणुकीपासून आठ आठवड्यांच्या आत. कंपनीच्या पानावर ‘इन्सॉल्व्हन्सी’ असा नवा विभाग उघडतो. त्यात धनकोंची नावं आणि रकमा असतात. २०१० च्या फेब्रुवारीत प्रशासकांकडे जाणारा पोर्ट्समथ हा प्रीमियर लीगमधला पहिला क्लब. दोनच वर्षांपूर्वी एफए कप जिंकलेला. त्याच्या यादीत कोट्यवधींच्या शेजारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सची किरकोळ रक्कमही थकलेली होती. ही यादी वाचताना एक नियम माहीत हवा: खेळाडू आणि इतर क्लब यांचे पैसे पूर्ण द्यावे लागतात, बाकीच्यांना उरेल ते. करखात्यानं या नियमाला आव्हान दिलं आणि २०१२ मध्ये ते हरलं. पुढे २०२० च्या डिसेंबरपासून काही करांच्या बाबतीत त्याला धनकोंच्या रांगेत वरचं स्थान मिळालं. स्थानिक छपाईवाला, खानावळवाला, बसवाला तळाशीच राहिले. शेफील्ड वेन्स्डे २०२५ च्या ऑक्टोबरात प्रशासकांकडे गेला आणि बारा गुण गमावून बसला. अशा क्लबसाठी एएम०३ नंतर दर सहा महिन्यांनी येणारा प्रगती अहवाल एएम१० वाचत जावा. प्रशासकांचं स्वतःचं मेहनतानाही त्यात तासागणिक मांडलेलं असतं.

भारतातल्या क्लबांसाठी अशीच सोय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावर आहे. कंपनीची मूळ माहिती आणि बोज्यांची यादी फुकट, पण हिशेबाचे कागद बघायला दर कंपनीमागे शंभर रुपये, आधी लॉगिन, मग भरणा, मग ठरावीक वेळेत उतरवून घ्यायची घाई. एओसी-४ हा अर्ज उघडावा, हिशेब त्याला जोडलेले असतात. ब्लॅकबर्नची साखळी शेवटच्या कडीपर्यंत तपासायची असेल तर व्यंकटेश्वरा हॅचरीजचे कागद कंपनीज हाउसच्या कार्डिफमधल्या दफ्तरात मिळत नाहीत. त्यासाठी हेच शंभर रुपये भरावे लागतात.